डेलावेअरच्या दोन्ही काठांनी : वॉशिंग्टन क्रॉसिंग नीट कसं पाहावं

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना वॉशिंग्टन क्रॉसिंग माहीत असतं ते पिकनिकसाठी. उन्हाळ्यातला एखादा शनिवार ठरतो, वीस-पंचवीस जण जमतात, पावभाजी होते, मुलं फ्रिस्बी खेळतात, मोठी माणसं झाडाखाली गप्पा छाटतात आणि संध्याकाळी नदी न बघताच सगळे घरी परततात. पिकनिक म्हणून हे उत्तमच. पण पार्क आणि नदी यांच्या मधून रूट २९ जातो. त्यामुळे वरच्या हिरवळीवर बसलेल्या माणसाला, जिच्यामुळे हे पार्क झालं ती डेलावेअर दिसतच नाही.

माझा सल्ला सरळ आहे. हे पार्क पेनसिल्व्हेनियाच्या काठावरून बघायला सुरुवात करा, पूल चालत ओलांडा आणि मग जर्सीत या. १७७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, जॉर्ज वॉशिंग्टनची फौज याच दिशेने आली होती. जागा त्या क्रमाने पाहिल्या की पाट्या न वाचताही बरंच समजतं. उलट्या दिशेने गेलात तर एक जुनं घर, एक पायवाट आणि एक अरुंद पूल एवढंच हाती लागतं.

आधी नावाचा घोळ

जीपीएसवर ‘वॉशिंग्टन क्रॉसिंग’ टाकलंत की दोन पार्कं समोर येतात. एक न्यू जर्सीचं वॉशिंग्टन क्रॉसिंग स्टेट पार्क. ते टायटसव्हिल गावाजवळ, मर्सर काउंटीत आहे, १९१२ सालचं, साडेतीन हजार एकरांहून मोठं, त्यात जंगल भरपूर. दुसरं नदीपलीकडचं पेनसिल्व्हेनियाचं वॉशिंग्टन क्रॉसिंग हिस्टॉरिक पार्क, १९१७ सालचं. हे आकाराने लहान, पण जुन्या इमारती जास्त इथेच आहेत. दोन्ही सरकारीच, मात्र राज्यं वेगळी, त्यामुळे नियम वेगळे, वेळा वेगळ्या, तिकिटंही वेगळी. ‘पार्कात भेटू’ असं ठरवून एक कुटुंब इकडे आणि एक तिकडे, हे हमखास घडतं. ग्रुपवर पत्ता टाकताना राज्याचं नाव लिहाच.

एडिसन किंवा प्लेन्सबरोकडून येत असाल तर आय-२९५ वरून रूट २९ धरा आणि नदीच्या कडेने उत्तरेला या. काही मिनिटांतच डावीकडे पूल येतो. गाडी त्या पुलावरूनच पलीकडे न्यायची आहे. टोल नाही, पण पूल १९०४ चा आहे आणि दोन्ही दिशांच्या गाड्यांना मिळून जेमतेम पंधरा फुटांची रुंदी आहे. समोरून मोठी एसयूव्ही आली की दोन्ही गाड्यांचे आरसे एकमेकांना भिडतील की काय असं वाटतं. घाई करू नका, मागचा हॉर्न वाजवू दे. भाड्याची मोठी व्हॅन घेऊन येणार असाल तर या पुलावर वजनाची मर्यादाही आहे, तेव्हा आय-२९५ च्या मोठ्या पुलावरून पलीकडे जाणं शहाणपणाचं.

निघण्यापूर्वी मुलांना एवढं सांगा

इतिहासाचा धडा नको, गाडीत वीस मिनिटं पुरतील एवढी गोष्ट हवी.

१७७६ चा ऑगस्ट ते नोव्हेंबर म्हणजे वॉशिंग्टनच्या फौजेची नुसती पीछेहाट. लाँग आयलंड गेलं, मॅनहॅटन गेलं, १६ नोव्हेंबरला फोर्ट वॉशिंग्टन पडला. उरलेली फौज नुअर्क, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स्टन करत ट्रेंटनपर्यंत मागे हटली. म्हणजे आपली बरीच मंडळी आज जिथे राहतात आणि रूट १ च्या ट्रॅफिकमध्ये अडकतात, त्याच पट्ट्यातून. डिसेंबरच्या सुरुवातीला तिने डेलावेअर ओलांडली आणि जाताना जर्सीच्या काठावर सापडतील तेवढ्या नावा पलीकडे नेल्या. पाठलागावर असलेले इंग्रज नदीशी येऊन अडकले. थंडी वाढली तसे त्यांचे सरसेनापती हाऊ न्यू यॉर्कला मुक्कामाला परतले. ट्रेंटनला राखणीला राहिले हेसियन, म्हणजे जर्मन संस्थानिकांकडून भाड्याने घेतलेले साधारण दीड हजार शिपाई. त्यांचा प्रमुख कर्नल योहान राल.

वॉशिंग्टनची खरी अडचण शत्रू नव्हता, कॅलेंडर होतं. बऱ्याच शिपायांच्या नोकरीचा करार ३१ डिसेंबरला संपत होता. त्याआधी काहीतरी केलं नाही तर जानेवारीत फौजच उरणार नव्हती.

नाताळच्या रात्री तीन ठिकाणांहून नदी ओलांडायचं ठरलं. परवलीचे शब्द होते ‘व्हिक्टरी ऑर डेथ’. खालच्या दोन तुकड्यांचा बेत नदीतल्या बर्फाने उधळला. फक्त इथून, मॅकॉन्कीज फेरी या नावेच्या धक्क्यावरून, सुमारे २,४०० माणसं आणि १८ तोफा पलीकडे पोचल्या. मध्यरात्रीपर्यंत आटपायचं काम गारपीट, हिमवर्षाव आणि वाऱ्यामुळे पहाटे तीनपर्यंत लांबलं. त्यानंतर नऊ मैलांची चाल. सकाळी आठच्या सुमारास ट्रेंटनवर हल्ला झाला आणि तासाभरात सारं संपलं. नऊशेच्या आसपास हेसियन कैद झाले, राल प्राणांतिक जखमी झाला. हेसियन नाताळच्या दारूत झिंगले होते ही कथा तुम्हाला कुणीतरी सांगेलच. इतिहासकार ती मानत नाहीत. आदल्या कित्येक दिवसांच्या चकमकींनी आणि खोट्या इशाऱ्यांनी ते पुरते थकले होते, हे कारण जास्त पटणारं आहे.

पहिला टप्पा : पेनसिल्व्हेनियाचा काठ

गाडी व्हिजिटर सेंटरच्या आवारात लावा आणि आत जाऊन त्या दिवशी कोणत्या इमारती उघड्या आहेत ते विचारा. मार्गदर्शक सहलीचं तिकीट घ्यायचं असेल तर इथेच मिळतं. आवारात नुसतं फिरायला पैसे पडत नाहीत.

वेळ थोडाच असेल तर बाकी सोडा, पण बोटींची शेड चुकवू नका. इथे डरहॅम बोटींच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत. या बोटी लढाईसाठी बांधलेल्या नव्हत्या. वरच्या अंगाला असलेल्या डरहॅम लोखंड कारखान्याचा माल फिलाडेल्फियाला न्यायला त्या वापरत. चाळीस ते साठ फूट लांब, आठ फूट रुंद, तळ सपाट, त्यामुळे उथळ पाण्यातही चालत. आत बसायला बाकं नाहीत. म्हणून एमानुएल लॉइत्सच्या १८५१ च्या सुप्रसिद्ध चित्रात वॉशिंग्टन उभा आहे याची लोक टिंगल करतात तेव्हा मला गंमत वाटते. त्या चित्रात चुका पुष्कळ आहेत. बोट फारच छोटी आहे, उजेड दिवसाचा आहे, आणि जो ताऱ्या-पट्ट्यांचा झेंडा फडकतो आहे तो जून १७७७ पर्यंत ठरलाच नव्हता. पण उभं राहणं ही त्यातली चूक नव्हे. बोटीत बर्फाचं पाणी साचलेलं, बसणार कुठे? चित्र न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. मुलांना आधी ते दाखवलंत तर शेडमध्ये ‘चुका शोधा’ हा खेळ आपोआप सुरू होतो.

घोडे आणि तोफा मात्र या बोटींतून गेल्या नाहीत. त्यांच्यासाठी फेरीच्या रुंद सपाट तराफ्यासारख्या नावा होत्या. वल्ही आणि बांबू होते मॅसॅच्युसेट्सच्या मार्बलहेड गावच्या दर्यावर्दींच्या हाती, कर्नल जॉन ग्लोव्हरच्या हुकुमाखाली. त्या अंधारात एकही तोफ नदीत गेली नाही. काठावर उभं राहून प्रवाहाकडे बघा, मग या वाक्याचं वजन कळतं.

शेजारीच मॅकॉन्कीज फेरी इन ही सराई आहे. तिथून खाली पाण्यापर्यंत उतरा. इथे पाच मिनिटं नुसतं उभं राहा आणि मग पुलाकडे वळा.

दुसरा टप्पा : पूल पायी

गाडी पेनसिल्व्हेनियातच राहू द्या. पुलाला लागून पादचाऱ्यांसाठी पट्टी आहे. लांबी सुमारे पावणेनऊशे फूट, रमतगमत पाच-सात मिनिटं. लहान मुलांचा हात धरा, बाबागाडी जाते पण समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं. सायकल असेल तर उतरून ढकलत न्यावी लागते, तसा नियमच आहे.

मधोमध थांबून वरच्या अंगाला बघा. या नदीच्या मुख्य प्रवाहावर कुठेही धरण नाही. अमेरिकेच्या पूर्व भागात एवढी मोठी नदी अशी मोकळी राहणं दुर्मीळ. त्याची किंमतही हा काठ मोजतो. ऑगस्ट १९५५ मध्ये एकापाठोपाठ दोन वादळं आली आणि महापुराने नदीवरचे कित्येक पूल मोडले, या पुलाचंही नुकसान झालं. २००४, २००५ आणि २००६ अशी सलग तीन वर्षंही पुराची गेली. काठावरची काही घरं उंच खांबांवर का आहेत, हे कुणी विचारलं तर उत्तर यात आहे.

तिसरा टप्पा : जर्सीत चढ

पूल उतरलात की आधी कॅनॉल लागतो, मग रूट २९. हा रस्ता धावत ओलांडायचा मोह टाळा, गाड्या जोरात येतात. पादचारी पुलाने किंवा सिग्नलवरूनच पलीकडे जा.

वर जॉन्सन फेरी हाऊस आहे, १७४० च्या सुमाराचं शेतघर. फौज पलीकडे उतरत असताना त्या रात्री वॉशिंग्टन आणि त्याचे अधिकारी इथे थांबले असावेत, असं मानलं जातं. घर बाहेरून साधं आहे, आत जायला मिळालं तर स्वयंपाकघराची चूल बघा. इथून पुढे मला या पार्कातला सगळ्यात आवडणारा भाग सुरू होतो : कॉन्टिनेंटल लेन. दोन्ही बाजूंना झाडं, मधून सरळ वर जाणारी जुनी वाट. तोफा ओढत फौज इथूनच चढली. वाट मोठी नाही, अवघडही नाही, आजी-आजोबांना काठी घेऊन सहज जमेल. चढ किंचितच आहे, पण ओले बूट, गोठलेली जमीन आणि पाठीवर बंदूक असेल तर किंचित चढही किंचित राहत नाही.

वाटेच्या वरच्या टोकाशी थांबा. फौज पुढे बेअर टॅव्हर्नपर्यंत जाऊन उजवीकडे ट्रेंटनच्या दिशेला वळली आणि जेकब्स क्रीकच्या घळीत तोफा दोर लावून उतरवत, पुन्हा वर ओढत गेली. आज तिथे बेअर टॅव्हर्न रोड आहे. परतताना गाडीने तो रस्ता घेतलात तर ओढ्यापाशी रस्ता कसा खोल उतरतो ते जाणवेल.

आता डबे उघडा. टेबलं आणि मोकळी हिरवळ भरपूर आहे. न्यू जर्सीच्या स्टेट पार्कांत कचऱ्याचे डबे नसतात, आपला कचरा आपणच घरी न्यायचा, म्हणून मोठ्या पिशव्या आठवणीने घ्या. दारूला बंदी आहे. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गाडीमागे प्रवेशशुल्क असतं. पायी आलात तर तो प्रश्नच येत नाही, हा पलीकडे गाडी लावण्याचा आणखी एक फायदा.

जेवणानंतर कुणाला झोप येईल, कुणाला फिरायचं असेल. पार्कात मिळून पंधराएक मैलांच्या वाटा आहेत. काही चालायच्या, काही माउंटन बाइकच्या, काही घोड्यांच्याही. लहान मुलांना नेचर सेंटर बरं. आकाशाची आवड असेल तर आणखी एक गोष्ट : प्रिन्स्टनच्या हौशी खगोल मंडळाची वेधशाळा याच पार्कात आहे आणि एप्रिल ते ऑक्टोबर, आकाश निरभ्र असेल तर शुक्रवारी रात्री ती लोकांसाठी खुली असते. दिवाळीच्या आसपास भारतातून आलेले आई-बाबा इथे दुर्बिणीतून शनीची कडी बघताना जेवढे खूश होतात, तेवढे टाइम्स स्क्वेअरला होत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे.

चौथा टप्पा : टॉवर, वेळ उरला तर

पूल ओलांडून गाडीकडे परत या आणि नदीकाठच्या रस्त्याने साडेचार मैल उत्तरेला जा. बोमन्स हिल टॉवर १९३१ साली पुरा झाला, उंची १२५ फूट. लिफ्ट आहे, शेवटच्या काही पायऱ्या मात्र चढाव्या लागतात. वरून नदीचं वळण आणि दोन्ही राज्यं एका नजरेत येतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पानं रंगतात तेव्हा इथे रांग असते, सकाळी लवकर जा. हिवाळ्यात टॉवर बंद असतो.

टॉवरपेक्षा खाली नदीकाठचं थॉम्पसन-नीली हाउस मला महत्त्वाचं वाटतं. आजारी आणि जखमी शिपायांना इथे ठेवलं होतं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जेम्स मन्रो त्या वेळी अठरा वर्षांचा लेफ्टनंट होता. तो या परिसरात राहिला आणि ट्रेंटनला जखमी झाला. घरासमोर कॅनॉलपलीकडे थडग्यांची रांग आहे. बहुतेक निनावी आहेत. ही माणसं लढाईत मेली नव्हती, थंडीने आणि तापाने गेली.

सायकलवाल्यांसाठी वेगळा दिवस

हे सगळं एका दिवसात कोंबू नका. सायकलसाठी पुन्हा या, कारण दोन्ही काठांवर कॅनॉल आहे आणि दोन्हींच्या कडेने वाट आहे.

जर्सीचा डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉल १८३० ते १८३४ मध्ये खणला गेला, बहुतेक आयरिश मजुरांच्या कुदळी-फावड्यांनी. १८३२ च्या कॉलऱ्यात त्यातले कित्येक दगावले. बॉर्डनटाऊन ते न्यू ब्रन्सविक हा मुख्य कॅनॉल ४४ मैलांचा. आपल्या पार्काजवळून जातो तो २२ मैलांचा फीडर, मुख्य कॅनॉलला पाणी पुरवणारा. पेनसिल्व्हेनियाचा कोळसा न्यू यॉर्कला नेणं हे त्याचं मोठं काम. रेल्वेने तो धंदा खाल्ला आणि १९३२ नंतर बोटी थांबल्या. पाणी मात्र थांबलं नाही. मध्य जर्सीच्या नळांना आजही या कॅनॉलचं पाणी येतं. १९७४ साली त्याचं स्टेट पार्क झालं.

माझी शिफारस केलेली फेरी अशी : वॉशिंग्टन क्रॉसिंगहून जर्सीच्या काठाने लँबर्टव्हिल, पूल ओलांडून न्यू होप, मग पेनसिल्व्हेनियाच्या काठाने परत. एकूण साधारण पंधरा मैल. जर्सीची वाट जुन्या रेल्वेमार्गावरची, बारीक खडीची, सपाट. पलीकडची टोपाथ, म्हणजे खेचरं ज्या वाटेने बोटी ओढत ती, मातीची आणि खडबडीत आहे, पावसानंतर चिखल होतो. रस्त्यावरची पातळ टायरची सायकल इथे नको. सुरुवात जर्सीने करा, म्हणजे ताजेपणी वेग मिळतो आणि परतीला थॉम्पसन-नीली हाउसपाशी थांबायला कारण मिळतं. मधे प्यायचं पाणी मिळेलच असं नाही, बाटल्या भरून घ्या.

लँबर्टव्हिलला खाण्याची आणि जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये सोनं सापडलं ते ज्या जेम्स मार्शलला, तो याच गावात वाढला, त्याचं घर ब्रिज स्ट्रीटवर आहे. एप्रिलमध्ये इथे शॅड माशाचा उत्सव असतो. समुद्रातून अंडी घालायला नदीत वर चढणारा हा मासा हिलशाचा नातेवाईक, चव तशीच आणि काटेही तसेच. मासे खाणाऱ्यांनी एप्रिल चुकवू नये.

पंचवीस डिसेंबर

नाताळची सुट्टी घरात लोळण्यात जाते, त्यापेक्षा इथे या. १९५३ पासून दरवर्षी नाताळच्या दिवशी दुपारी हौशी मंडळी त्या काळच्या पोशाखात डरहॅम बोटींतून नदी ओलांडतात. डिसेंबरमध्येच आधी एका रविवारी रंगीत तालीमही होते, तिला तिकीट असतं, पण गर्दी कमी आणि इतर प्रात्यक्षिकं जास्त. लहान मुलं असतील तर मी तालमीलाच नेईन.

पाणी फार चढलेलं किंवा फार उतरलेलं असेल, वारा जोराचा असेल, तर बोटी निघत नाहीत. अशा वर्षी फौज मुकाट्याने पुलावरून चालत जाते. निघण्यापूर्वी त्या दिवशीची सूचना बघा. पेनसिल्व्हेनियाच्या काठावर भाषणं आणि संचलन होतं, तिथे गर्दीही तशीच. मी जर्सीच्या काठावर उभं राहणं पसंत करतो, कारण तिथे बोटी तुमच्याकडे येत असतात. दोन तास आधी पोचा. पायात दोन मोजे, थर्मॉसमध्ये चहा, आणि आलेपाक असेल तर तोही. २०२६ च्या नाताळात या घटनेला अडीचशे वर्षं होतात, त्या वर्षी दोन नाही, तीन तास आधी.

गोचीड, वेल आणि पाणी

हा भाग रुक्ष आहे, पण वगळू नका. इथल्या गवतात हरणांवरच्या गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. मे ते जुलैमध्ये त्यांची पिल्लं खसखशीएवढी असतात, अंगावर दिसतही नाहीत. वाटेच्या मधोमध चाला, पॅण्ट मोज्यात खोचा. घरी गेल्यावर आंघोळ करताना गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या इलास्टिकखाली, कानामागे आणि मुलांच्या केसांत तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, तूप, काडीपेटी असले उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा चट्टा पसरत गेला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आपणहून सांगा.

तीन-तीन पानांच्या जुडग्याची वेल दिसली तर हात लावू नका, ती पॉयझन आयव्ही असू शकते. तिच्या चिकाने येणारी खाज आठवडाभर पिच्छा सोडत नाही. पूजेला पत्री गोळा करायची सवय असलेल्या पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवा.

नदी शांत दिसते, पण पोहायला उतरू नका. तळाचे दगड निसरडे आहेत आणि ओढ वरून कळत नाही. कयाक आणणार असाल तर नवख्यांनी कॅनॉलमध्येच चालवावी. नदीत लँबर्टव्हिलजवळचा विंग डॅम, म्हणजे काठापासून पात्रात आलेला अर्धवट बांध, नवशिक्यांसाठी धोक्याचा आहे. गळ टाकायचा असेल तर जर्सीत १६ ते ६९ वयाच्यांना परवाना लागतो. दोनपैकी कुठल्याही राज्याचा परवाना नदीच्या मुख्य पात्रात चालतो.

गोष्ट पुढे न्यायची असेल तर

ट्रेंटनला ओल्ड बॅरक्स ही १७५८ ची बराक आणि लढाईचं स्मारक आहे, तिथून प्रिन्स्टन बॅटलफील्ड स्टेट पार्क गाडीने अर्ध्या तासावर. मराठी वाचकाला या दुसऱ्या भागात एक ओळखीचा माणूस भेटतो. ट्रेंटनची बातमी आली तेव्हा लॉर्ड कॉर्नवॉलिस आजारी पत्नीला भेटायला इंग्लंडला निघाला होता. त्याची रजा रद्द झाली. २ जानेवारी १७७७ च्या संध्याकाळी त्याने ट्रेंटनच्या असनपिंक ओढ्यापाशी वॉशिंग्टनला गाठलं आणि शेवटचा घाव सकाळवर ठेवला. रात्री वॉशिंग्टनने शेकोट्या पेटत्या ठेवल्या आणि फौज बगलेने काढून थेट प्रिन्स्टनवर नेली. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या जोडीला होत्या. १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला.

प्रिन्स्टनचं मैदान मोकळं आहे, सावली कमी, म्हणून तिथे दुपार टाळा. ट्रेंटन सकाळी करा, कारण बराकीचं संग्रहालय ठरावीक वेळेतच उघडं असतं, आणि प्रिन्स्टनला चार वाजल्यानंतर पोचा.